घोरणे, स्लीप ॲप्निया आणि सीपॅपची सवय: सांगली-मिरज भागातील सदस्यांचे अनुभव हवे आहेत

कृष्णाकाठ (१८ जानेवारी, रात्री ९:४०)

नमस्कार. मी ५३ वर्षांचा आहे, सांगलीत विश्रामबागेत राहतो आणि माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. गेली सात-आठ वर्षे मी घोरतो हे घरात सर्वांना ठाऊक होते; पण आमच्याकडे घोरणे हा थट्टेचा विषय असल्यामुळे 'डाराडूर झोपतो, सुखी जीव आहे' यापलीकडे कोणी काही म्हटले नाही. हा सुखी जीव सकाळी उठे तेव्हा त्याचे तोंड कोरडे पडलेले आणि डोके जड असे, आणि रात्रीतून तो तीनदा लघवीला उठलेला असे. साखर तपासली, ती ठीक निघाली. प्रोस्टेटची सोनोग्राफी झाली, तीही ठीक निघाली. रक्तदाबाची गोळी मात्र एकाची तीन झाली. सहामाहीचे पेपर तपासताना एकाच उत्तराला मी दोनदा गुण दिले आणि पेन हातात धरून झोपलो, तेव्हा प्रथम भीती वाटली.

नोव्हेंबरात एका रात्री सौ.ने मोबाइलवर माझ्या घोरण्याचे ध्वनिमुद्रण केले. ऐकताना घोरण्याचे मला विशेष वाटले नाही, वाटले ते मधल्या शांततेचे. घोरणे चढत जाते, एकाएकी थांबते, पंख्याची घरघर तेवढी ऐकू येते, आणि मग पाण्यात बुडालेली म्हैस डोके वर काढून फुरफुरते तसा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. घड्याळ लावून मोजले, तर त्यातली एक शांतता ३४ सेकंदांची होती.

डिसेंबरात मिरजेला रात्रभराची तपासणी झाली. डोक्याला तारा, हनुवटीला तारा, छातीला व पोटाला पट्टे, नाकाशी नळी आणि बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा, अशा थाटात झोप कशी लागणार असे वाटले होते, पण लागली. अहवालात स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडण्याचा आजार) निघाला; श्वासाला तासाला ४१ अडथळे आले, म्हणजे सरासरी दर ८८ सेकंदांना एक. रक्तातील प्राणवायू सर्वांत खाली ७६ टक्क्यांपर्यंत गेला होता. डॉक्टरांनी आपोआप दाब बदलणारे सीपॅप यंत्र (मास्कमधून दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवणारे) सांगितले, ते घेतले. यंत्र घेऊन आलेल्या प्रतिनिधीने पंधरा मिनिटांत सर्व समजावले, माझ्या चेहऱ्यावर नाक-तोंड झाकणारा मास्क बसवला आणि तो निघून गेला.

आज एकविसावी रात्र आहे आणि यंत्र लावण्याची माझी सरासरी रात्रीला २ तास ४० मिनिटांवर अडकलेली आहे. रात्री दोनच्या सुमारास मी मास्क काढून टाकतो, आणि काढल्याचे मला आठवतही नाही. तोंडाला कोरड पडते, सकाळी पोट ढोलासारखे तट्ट फुगलेले असते, आणि गेल्या आठवड्यातील थंडीत नळीत पाणी साचून ते नाकावर ठिबकले. यंत्र परत करावे असे रोज सकाळी वाटते. संध्याकाळी तो अहवाल पुन्हा वाचतो आणि राहू देतो. ज्यांनी हे दिवस काढले आहेत त्यांनी कृपया नेमके काय केले ते लिहावे. 'हळूहळू सवय होईल' हे मला पुष्कळांनी सांगितले आहे.

हळदपेठ (१८ जानेवारी, रात्री १०:२५)

सर, मी मार्केट यार्डात अडतीचे काम करतो आणि गेली चार वर्षे यंत्र वापरतो. आपण दाबाबद्दल काहीच लिहिले नाही ते बरे केले, कारण माझ्या अनुभवाने दहातले आठ त्रास दाबाचे नसतात, ते मास्कच्या गळतीचे असतात. आपल्या यंत्राच्या पडद्यावर सकाळी गळतीचा आकडा दिसत असेल. तो पाहून येथे लिहावा.

माझी अडचण मिशीची होती. आमच्या घरात तीन पिढ्या भरघोस मिशी आहे, आणि नाकावरच्या मास्कची सिलिकॉनची कड मिशीवर बसत नसे. हवा फुस्स करून डोळ्यांत जाई, म्हणून मी पट्ट्या आवळत गेलो. दोन महिने नाकाच्या दांडीवर लाल वळ घेऊन पेढीवर बसलो. शेवटी मिरजेतील एका तंत्रज्ञाने सांगितले की मिशी काढा, नाहीतर नाकपुड्यांत बसणाऱ्या छोट्या उशांचा मास्क घ्या. मी दुसरा मार्ग निवडला हे सांगायला नको.

मास्क कसा बसवावा हे मला कोणी दाखवले नव्हते, म्हणून लिहितो. मास्क आरशासमोर उभे राहून बसवू नये. झोपल्यावर गालांची ठेवण बदलते, म्हणून यंत्र सुरू करून, आडवे पडून, ज्या कुशीवर झोपायचे त्या कुशीवर वळून मग पट्ट्या जुळवाव्यात. गळती लागली तर आवळण्याआधी मास्क चेहऱ्यापासून बोटभर दूर ओढून पुन्हा अलगद टेकवावा. आतली कड हवेने फुगून कातडीला चिकटते, ती ताणाने चिकटत नाही. झोपण्यापूर्वी चेहरा साबणाने धुवावा. मला डोक्याला तेल चोपडून झोपायची सवय होती, त्यामुळे मास्कची कड तीन महिन्यांत लिबलिबीत होई.

जाता जाता सांगतो. आमचे घर हळदीच्या गोदामावर आहे. यंत्रातला हवेचा फिल्टर इतरांचा करडा होतो, माझा हंगामात दहा दिवसांत पिवळाधमक होतो. तो दर पंधरवड्याला बदलतो.

स्टेथो (१९ जानेवारी, सकाळी ७:१०)

मी मिरजेत छातीविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. माझे लिहिणे सर्वसाधारण माहितीसाठी आहे. यंत्रातील दाब आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय बदलू नये.

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ व मऊ टाळू मागे सरकतात आणि ज्यांचा घसा मुळात अरुंद असतो त्यांची श्वासनलिकेकडची वाट मिटते. छाती हवा ओढत राहते, पण हवा आत जात नाही. प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन घसा ताठ करतो, फुरफुर होते, आणि माणसाला यातले काही आठवत नाही. असा खंड १० सेकंद किंवा अधिक टिकला तर त्याला ॲप्निया म्हणतात. असे पूर्ण आणि अर्धवट खंड तासाला ५ ते १५ असतील तर आजार सौम्य, १५ ते ३० असतील तर मध्यम, आणि ३० च्या पुढे तीव्र मानला जातो. आपला आजार तीव्र आहे.

रात्रीच्या लघवीचे कोडेही येथेच सुटते. बंद घशाविरुद्ध छाती जोर लावते तेव्हा छातीच्या पोकळीतील दाब फार खाली जातो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि 'शरीरात पाणी जास्त झाले आहे' असे समजून हृदय लघवी वाढवणारे संप्रेरक सोडते. किती तरी रुग्ण प्रथम मूत्रविकारतज्ज्ञांकडे जाऊन येतात.

सीपॅपची कल्पना सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये प्रत्यक्षात आणली आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. हे यंत्र प्राणवायू देत नाही. ते खोलीतलीच हवा किंचित दाबाने आत सोडते आणि त्या हवेच्या आधाराने घसा उघडा राहतो. मांडव पडू नये म्हणून आतून टेकू लावावा तसे ते आहे. हा दाब पाण्याच्या उंचीने मोजतात आणि बहुतेक यंत्रांत तो ४ ते २० सेंटिमीटर असतो.

आता रात्री दोनचे गणित पाहू. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्या वेळी स्नायू सर्वाधिक सैल असतात, यंत्र दाब वाढवते, आणि मास्क सैल बसला असेल तर नेमकी तेव्हा गळती उसळते. तोंड उघडते, घसा सुकतो, हवा गिळली जाते आणि हात आपोआप मास्ककडे जातो. आपली कोरड, फुगलेले पोट आणि दोन वाजता काढलेला मास्क या तीन वेगळ्या तक्रारी नसाव्यात, असा माझा अंदाज आहे. हळदपेठ यांनी मागितलेला आकडा मलाही पाहायचा आहे. अनेक यंत्रांत मिनिटाला २४ लिटरपर्यंतची गळती चालते.

नाक बंद राहत असेल तर आधी त्याचा उपचार करावा. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून गार केलेलेच घ्यावे.

कृष्णाकाठ (१९ जानेवारी, रात्री ८:०५)

दोघांचेही आभार. आकडा पाहिला: मिनिटाला ४६ लिटर. एकवीस दिवस तो पडद्यावर रोज सकाळी येत होता आणि मी फक्त तासांचा आकडा पाहून यंत्र बंद करत होतो. विद्यार्थ्यांना 'प्रश्न पूर्ण वाचा' असे सांगणाऱ्याने हे कबूल करणे अवघड आहे.

शंकेखोर (१९ जानेवारी, रात्री ९:३०)

सर्वांचा आदर राखून विचारतो. वजन उतरवणे, कुशीवर झोपणे, प्राणायाम हे सगळे सोडून जन्मभर नाकाला नळी लावण्याचा हा सल्ला विक्रेत्यांच्या सोयीचा तर नाही ना? माझ्या वाचनात असे आले आहे की या यंत्राने हृदयविकार टळतो हे मोठ्या अभ्यासात सिद्धच झालेले नाही.

स्टेथो (२० जानेवारी, सकाळी ६:५५)

आपण म्हणता तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला सेव्ह नावाचा अभ्यास असावा. त्यात २,७१७ रुग्ण होते, आणि आधीच हृदयविकार अथवा मेंदूतील रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्यांत सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झाल्याचे दिसले नाही, हे खरे आहे. पण त्या अभ्यासात लोकांनी यंत्र सरासरी ३.३ तासच लावले होते, हेही त्यातच लिहिले आहे. दिवसाची पेंग, मनःस्थिती आणि कामाचा दर्जा यांत मात्र त्यांनाही फरक पडला. म्हणून मी रुग्णाला 'यंत्राने हार्टॲटॅक टळेल' असे आश्वासन देत नाही. 'तुम्ही दुचाकीवर झोपणार नाही' एवढे मात्र जोर देऊन सांगतो. रक्तदाबही सरासरी दोन-तीन अंकांनीच उतरतो.

वजनाचे महत्त्व कोणी नाकारत नाही. वजन १० टक्क्यांनी घटले तर अडथळ्यांचा आकडा सुमारे २६ टक्क्यांनी घटतो असे एका मोठ्या पाहणीत आढळले आहे. त्या हिशेबाने ४१ चे ३० होतील, आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागेल. स्थूल रुग्णांसाठी टिर्झेपटाइड या इंजेक्शनाला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये याच आजारासाठी मान्यता मिळाली; त्याचाही मार्ग वजनातूनच जातो. घशाच्या व्यायामाची गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही. जयपूर येथे मध्यम आजाराच्या ३० रुग्णांवर झालेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ज्यांनी सहा महिने आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला किमान १५ मिनिटे शंख वाजवला, त्यांची पेंग ३४ टक्क्यांनी घटली आणि तासाला चार-पाच अडथळे कमी झाले. आपण शंख जरूर वाजवावा. पण ४१ मधून ५ वजा केल्यावर काय उरते, ते धागाकर्ते अधिक चांगले सांगतील.

जास्वंद (२० जानेवारी, दुपारी ३:१५)

दादा, मी ५८ वर्षांची गृहिणी आहे. इथे सगळे पुरुषांच्या घोरण्यावर बोलत आहेत, म्हणून मुद्दाम लिहिते. मी फारशी घोरत नव्हते. मला झोप लागत नसे, सकाळी डोके दुखे आणि दिवसभर अंगात त्राण नसे. पाळी गेल्यानंतर असे होतेच, असे सर्वांनी सांगितले. झोपेच्या गोळ्या मिळाल्या, मनाच्याही मिळाल्या. पाळी गेल्यानंतर बायकांत हा आजार वाढतो आणि तो अशा वेगळ्या वेषात येतो, हे मला फार उशिरा कळले. झोपेच्या काही गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो, म्हणजे मी औषध म्हणून जे घेत होते त्यातले काही आजाराच्याच बाजूचे होते.

मास्क लावला की मला कोंडल्यासारखे होई, छातीत धडधडे. रात्री झोपेचा आणि मास्कचा हट्ट एकाच वेळी करायचा नाही, असे मी ठरवले. पहिला आठवडा मास्क नुसता चेहऱ्याला लावून, नळी न जोडता, दुपारी खाटेवर बसून मी तांदूळ निवडत असे. दुसऱ्या आठवड्यात यंत्र सुरू करून अर्धा तास तेच केले. हात कामात असले की मन श्वास मोजत बसत नाही. खडे निवडता निवडता तिसऱ्या आठवड्यात एकदा तशीच बसल्या जागी डुलकी लागली, ताटातले तांदूळ मांडीवर सांडले, आणि त्या रात्रीपासून मी मास्क लावून झोपू लागले. काढावासा वाटला तर काढायचा, दहा मिनिटे बसायचे, पाणी प्यायचे आणि पुन्हा लावायचा, एवढाच नियम मी ठेवला होता.

नळीत पाणी साचते ते आतली दमट हवा थंड नळीत गेल्यामुळे. यंत्रात हवा दमट करणारी पाण्याची टाकी असते; तिच्या ओलाव्याचा आकडा एक-दोन घरांनी खाली आणावा, यंत्र उशीपेक्षा खालच्या स्टुलावर ठेवावे आणि नळीवर कापडी खोळ घालावी. टाकीत ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणीच भरावे. आमच्या नळाच्या पाण्याने आठ दिवसांत टाकीच्या तळाला पांढरा थर धरला होता. गॅरेजमधून बॅटरीचे पाणी आणायचा सल्ला मला एकाने दिला होता. ते श्वासात घेण्यासाठी बनवलेले नसते, म्हणून आणू नये. औषधांच्या दुकानात सांगून ठेवले की योग्य पाणी मिळते. उरलेले पाणी रोज सकाळी ओतून टाकावे.

पेठनाका (२१ जानेवारी, रात्री ११:५०)

मी प्रवासी गाडी चालवतो. सांगली-पुणे-सांगली अशा फेऱ्या असतात. घोरतो, आणि दुपारी जेवणानंतर महामार्गावर डोळा लागतो. मागच्या महिन्यात कराडच्या अलीकडे गाडी दुभाजकाला घासली. मालकाला टायरचे कारण सांगितले. तपासणी केली आणि आजार निघाला तर परवाना जाईल, या भीतीने गेलेलो नाही. खरे काय ते कोणी सांगावे.

स्टेथो (२२ जानेवारी, सकाळी ७:००)

भाऊ, तपासणीचा अहवाल आपल्या हातात मिळतो, डॉक्टर तो मालकाला परस्पर कळवत नाहीत. उपचार घेणारा चालक गाडी सुरक्षित चालवू शकतो, हे मी माझ्या रुग्णांत पाहत आलो आहे. आठ प्रसंगांचा एक सोपा तक्ता असतो: बसून वाचताना, टीव्ही पाहताना, दुपारी आडवे पडल्यावर, सिग्नलला गाडी थांबली असताना वगैरे पेंग कितपत येते, याला ० ते ३ गुण द्यायचे असतात. एकूण २४ पैकी १० च्या वर गुण गेले तर तपासणी टाळू नये. आपल्याला तक्ता भरण्याची गरज मला वाटत नाही. तपासणी होईपर्यंत दुपारच्या आणि रात्रीच्या फेऱ्या घेऊ नयेत, ही विनंती समजा.

गावभाग (२३ जानेवारी, सायंकाळी ६:३०)

विजेचा विषय राहिला म्हणून लिहितो. ओलाव्याची टाकी बंद ठेवली तर ही यंत्रे साधारण ३० ते ६० वॅट घेतात, त्यामुळे घरच्या १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टरवर एक रात्र सहज निघते. फक्त इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा असावा. रात्री वीज गेली आणि इन्व्हर्टर नसला तर गुदमरण्याची भीती बाळगू नये. मास्कला बारीक छिद्रे असतात, आणि नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये दाब थांबताच उघडणारी झडपही असते. यंत्र बंद पडून दाब गेला की बहुधा आपण जागे होतोच.

२०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात आम्ही गावभागातून निघालो तेव्हा वडिलांचे यंत्र मी घाईने पिशवीत घातले. टाकीतले पाणी ओतायचे राहिले, ते वाटेत यंत्राच्याच मोटारीत उतरले आणि यंत्र कायमचे बंद पडले. पुराच्या पाण्यातून वाचवले आणि टाकीतल्या वाटीभर पाण्याने घालवले! निवारा केंद्रात आठ दिवस वडील पाठीला गुंडाळलेली सतरंजी लावून कुशीवर झोपले. दुसऱ्याच रात्रीपासून घोरणे पूर्ववत झाले. प्रवासाला निघताना आधी टाकी रिकामी करावी, मग बाकीचे आवरावे.

हळदपेठ (२३ जानेवारी, रात्री ९:१०)

एक भर घालतो. मागच्या वर्षी माझे हर्नियाचे ऑपरेशन झाले. भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्लीप ॲप्नियाचे आधी सांगितले, तेव्हा त्यांनी यंत्र सोबत आणायला लावले आणि ऑपरेशननंतर वॉर्डात ते लावूनच झोपवले. ही गोष्ट लपवू नये.

कृष्णाकाठ (२ मार्च, रात्री ९:००)

दहावीच्या परीक्षेच्या कामामुळे उशीर झाला, क्षमस्व. ज्यांनी लिहिले त्यांना हिशेब देणे माझे कर्तव्य आहे.

२४ जानेवारीला मिरजेला जाऊन मास्क बदलला. चेहरा मोजला तेव्हा मला मध्यम नव्हे, लहान आकार लागतो असे निघाले. तोंडाने श्वास घेण्याची सवय मला बंद नाकामुळे होती. नाकाच्या फवाऱ्याने नाक मोकळे झाल्यावर नुसता नाकावरचा मास्क चालू लागला. सुरुवातीचा दाब ४ वर होता, तो डॉक्टरांनी ६ केला. दाब कमी म्हणजे आराम जास्त असे मी समजत होतो, आणि मला गुदमरायला होत होते ते नेमके हवा कमी पडल्यामुळे. दुपारी तांदूळ मी निवडले नाहीत, पण मास्क लावून दोन वर्गांच्या चाचण्या तपासल्या. जास्वंदताई, उपाय तोच, फक्त खडे वेगळे होते.

गेल्या चौदा रात्रींची सरासरी ५ तास ५० मिनिटे आहे, गळती १४ लिटर आणि यंत्रावर उरलेले अडथळे तासाला ३.८. रात्री एकदाच उठतो. पोट फुगणे जवळजवळ थांबले आहे. रक्तदाबाच्या गोळ्या तीनच आहेत. दोन रात्री अशा होत्या की मास्क लावलाच नाही. एकदा सर्दीने, आणि एकदा निव्वळ कंटाळ्याने. कंटाळ्याच्या रात्रीनंतरचा दिवस फार वाईट गेला.

पेठनाका, आपले काय झाले?

पेठनाका (३ मार्च, रात्री १०:३५)

सर, तारीख मिळाली आहे, पुढच्या गुरुवारी मिरजेला. महिनाभर फक्त सकाळच्या फेऱ्या घेतल्या, उत्पन्न घटले. मालकाला दुभाजकाचे खरे सांगितले. तो दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी त्यानेच विचारले की घोरणाऱ्या सगळ्यांनाच हे असते का, कारण तोही घोरतो. गुरुवारी मंडळीही सोबत येणार आहेत, रात्री काय होते ते डॉक्टरांना त्यांच्याकडूनच ऐकायचे आहे.